जावईबापूंचं ‘विरुद्ध’

‘विरुद्ध’ हा शब्द मला लग्नाआधी दोनच ठिकाणी भेटला होता. एक क्रिकेटच्या बातमीत आणि दुसरा कोर्टाच्या नोटिशीत, जिथं आमचे आजोबा सख्ख्या भावाविरुद्ध उभे असत. दोन्हीकडं निदान भांडणारी माणसं तरी होती. ताटातले पदार्थही एकमेकांविरुद्ध उभे असतात, हे ज्ञान आमच्या घरात माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं आणलं.

दाजी पुण्याला असतात. तिथं त्यांनी कसलंसं आहारशिबिर केलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरा शब्द सुचेनासा झाला. वैद्य मंडळींनी हा शब्द विचार करून वापरला असावा. दोन पदार्थ एकेकटे चांगले, पण एकत्र पोटात गेले की बाधतात, ते विरुद्ध. दाजींनी त्याचा अर्थ सोपा करून टाकला. दुसऱ्याला जे आवडतं, ते विरुद्ध.

माझे सासरे न्यूमोनियातून उठून घरी आले, तेव्हा दाजी नणंदेला घेऊन सेवेला म्हणून आले. सेवा म्हणजे काय, तर सोफ्यावर बसून मोबाईलवरची व्याख्यानं मोठ्यानं लावायची. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणत असू. मामांचा सगळा जन्म इथं सोलापुरात, नवी पेठेत कापडाच्या दुकानात गेला. दुपारच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, यात कधी बदल नाही. आजारानं त्यांच्या तोंडाची चव गेली होती, पेज बघितली तरी तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, जे जाईल ते द्या, पण पोटात अन्न जाऊ द्या. मी भाकरी चुरून दह्यात मऊ भिजवली, वर चिमूटभर चटणी घातली. मामांनी वाडगं पुसून संपवलं आणि म्हणाले, "आजून हाय का?"

दुसऱ्या दिवशी ते वाडगं दाजींच्या नजरेस पडलं.

"दही आणि शेंगदाणे? विरुद्ध आहे हे. विष आहे."

सगळं सोलापूर हे विष रोज खाऊन कामाला जातं. पण आमच्याकडं जावयाला उलटून बोलत नाहीत. जावई घरात आहे तोवर रोज गोड करायचं, पहिलं ताट त्याचं वाढायचं आणि तो बोलेल त्याला मान हलवायची. सासूबाईंनी मान हलवली आणि दही उचललं. मी नवऱ्याला डॉक्टरांचं सांगितलं, तर म्हणतो, "डॉक्टर परका, दाजी घरचं हायत. गप बस की." ह्या न्यायानं उद्या दाजींनी ऑपरेशन करायला घेतलं असतं, तरी आम्ही कंदील धरून उभे राहिलो असतो.

मामांना मुगाचं पाणी सुरू झालं. दाजींना शिकरण-पुरी. दूध आणि केळं तर त्यांच्या व्याख्यानातच विरुद्ध होतं, मी स्वतः ऐकलं होतं. तसं विचारलं तर वाटी पुढं करत म्हणाले, "आमच्या प्रकृतीला चालतं, वहिनी." इतका निर्लज्ज माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मामा दिवसेंदिवस वाळत चालले. एका दुपारी दाजी जेवून घोरत होते, तेव्हा मी पुन्हा वाडगं केलं. मामा भराभरा खात होते, भुकेलं पोर खातं तसे. अर्धं झालं असेल, तेवढ्यात दाजी पाणी प्यायला आत आले. ओरडले नाहीत. बायकोला फक्त म्हणाले, "बॅग भर. इथं आपल्या शब्दाला किंमत नाही." नणंद जागच्या जागी पांढरी पडली. सासूबाई जावयापुढं हात जोडून उभ्या राहिल्या.

मामांनी वाडगं हळूच माझ्याकडं सरकवलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरीला तितं नांदायचं हाय."

त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. मुगाचं पाणी येईल तेवढं घोटभर घ्यायचे. पुन्हा दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय जातंय? मी खरं ते सांगितलं. डॉक्टर माझ्याकडंच बघत राहिले, जणू मीच उपाशी मारत होते. दाजी बाजूला उभे राहून गंभीरपणे मान हलवत होते. मामा तिथून परत आले नाहीत.

आमच्यात गेलेल्या माणसाला पुरतात; तिसऱ्या दिवशी मामांच्या समाधीवर न्यायला आम्ही नैवेद्याचं ताट भरत होतो. गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं त्यात ठेवायचं असतं. दाजी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून देखरेख करत होते.

"वहिनी, दही आणि शेंगाचटणी विसरू नका. मामांचा फार जीव होता त्यावर."

मी हातातली पळी खाली ठेवली. "दाजी, ते विरुद्ध आहे ना?"

सासूबाईंनी मान वर केली. ह्या खेपेला त्यांनी जावयापुढं हात जोडले नाहीत.

"आता त्यांना काय बाधणार आहे?" दाजी म्हणाले आणि गाडी काढायला गेले.