निरोगी म्हणून दिलेलं रक्त

प्रयोगशाळेत येणारी मुलं तिला 'सुईवाली मावशी' म्हणायची. ज्या मुलांचं बोलणं, चालणं, शिकणं वयाच्या मानाने मागे पडतं, त्यांच्या जनुकांमध्ये नेमकं काय वेगळं आहे हे शोधण्याचं तिचं काम. मूल सुई पाहून भोकाड पसरायच्या आत ती अशी काही बडबड सुरू करी, की रक्त कधी काढलं हे त्याला कळतच नसे. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

या कामात ती आली ती धाकट्या भावामुळे. तो पोटात असताना आई पडदे लावायला स्टुलावर चढली आणि धाडकन खाली आली. तेव्हा ही पाच वर्षांची. समोरच उभी होती. पुढे भावाला फिट येऊ लागल्या, बोलणं चार-दोन शब्दांपलीकडे गेलं नाही, आणि घरात निकाल लागून गेला.

"हिला कोणी सांगितलं होतं स्टुलावर चढायला?" बाबा पाहुण्यांदेखत म्हणायचे. आई खाली मान घालून चहा ओतत राहायची.

लहानपणी एकदा भावाची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. त्यात काहीच सापडलं नाही, तेव्हा तर आईची सुटकेची आशाच संपली. मोठेपणी लेकीने नव्या तपासणीचा विषय काढला, की आई हात जोडायची. "त्यातूनही काही निघालं नाही तर? राहू दे गं."

भाऊ आता तिशीपार गेलेला. लिफ्टमधून वर-खाली करणं हा त्याचा आनंद, त्यासाठी रोज पहाटे तो आईला हलवून उठवी, आणि इमारतीतल्या माणसांना तो मजल्यांनी ओळखे. खाष्ट वकीलबाई म्हणजे 'सात'. त्यांचा गरीब नवरा म्हणजेही 'सात', पण जरा हळू आवाजात.

मग प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. ते नीट चालतंय का हे पाहायला एका निरोगी माणसाचं रक्त हवं होतं.

"माझंच घ्या की," ती बाही सरकवत म्हणाली. "फुकटात आणि विनातक्रार."

निकाल आला त्या दिवशी तंत्रज्ञ तिच्या टेबलाशी येऊन नुसताच उभा राहिला. एरवी हा पिकल्या केसांचा माणूस थट्टा केल्याशिवाय दोन पावलं टाकत नसे.

"मॅडम, नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते."

पडद्यावर सोळाव्या गुणसूत्रातला, सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये इतका लहानसा तुकडा गायब होता. ही मोकळी जागा तिच्या चांगल्या ओळखीची. कितीतरी आईबापांना तिने ती बोट ठेवून दाखवली होती, "हे बघा, याच्यामुळे."

रक्त पुन्हा काढलं. जुन्या यंत्रावर घातलं. तीच जागा, तेवढीच मोकळी.

"पण मॅडम, तुम्ही तर इतकं..."

"बोलते, असंच ना?" ती म्हणाली. असा तुकडा नसूनही काही माणसं धडधाकट असतात, हे तिला पाठ होतं. विद्यार्थ्यांना ती ते शिकवायची. पण त्यांतल्याच आपण एक असू, हे डोक्यात शिरत नव्हतं. खुर्चीचे हात घट्ट धरून ती किती वेळ बसून राहिली. आत मुलं रडत होती आणि सुईवाली मावशी काही उठली नाही.

घरी तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "माझ्यात काहीतरी सापडलंय. सगळ्यांचंच रक्त तपासू या." या वेळी आईने हात जोडले नाहीत. लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने गुपचूप बाही वर केली.

भावात तो तुकडा नव्हता. आईत होता, गुणसूत्राच्या दोन्ही प्रती शाबूत. बाबांत मात्र भावासारखाच नव्हता.

ती पुन्हा पुन्हा पडद्याकडे पाहत राहिली. मग घरी जाऊन आईबाबांना समोर बसवलं.

"म्हणजे मी पडले नसते," आईने एकेक शब्द उचलून ठेवावा तसं विचारलं, "तरी हा असाच झाला असता?"

"याचं मूळ त्या पडण्यात नाही, आई. हे तू पडायच्या कितीतरी आधी, गर्भ राहतानाच आलेलं. बाबांकडून. मलाही आलं, त्यालाही आलं. मला काही झालं नाही आणि त्याला का झालं, ते मलाही ठाऊक नाही."

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत बसले. "मला... मला कुठे माहीत होतं?"

"कुणाकडून आलं, त्याचं मला काही नाही," आई म्हणाली. "ते कुणाच्या हातात नसतं. माहीत नव्हतं, तर माझ्यावर का टाकलंत, तेवढं सांगा."

आईने थोडी वाट पाहिली, आणि उठून कपाटावरची बॅग काढली.

आई आपल्या बहिणीकडे गेली. लेकाला सोडून एक रात्रही बाहेर न राहिलेली बाई दोन महिने झाले तरी परतली नाही. भाऊ दर वेळी लिफ्टचं दार उघडताना "आई?" विचारी, आणि त्याच्याबरोबर वर-खाली करणारे बाबा दर वेळी "येईल" म्हणत. त्याला आंघोळ घालायला, औषधं द्यायला ते म्हातारपणी शिकले.

लेकीने आता मुलांच्या आईबापांचं आणि भावंडांचंही रक्त तपासायला घेतलं आहे. तुकडा दाखवून झाला, की ती पूर्वीसारखं लगेच बोलत नाही. आधी समोरच्या दोघांकडे बघते.

एक दिवस सकाळी उशिरा बहिणीच्या घरून आईचा फोन आला.

"आत्ता उठले बघ," ती चकित होऊन सांगत होती. "मला कुणी उठवलंच नाही गं."