जाहिरातीचा उरलेला अर्धा भाग

मी जुन्या मासिकांतल्या न्याहारीच्या जाहिराती गोळा करते असं सांगितलं, की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, त्यात असतं तरी काय? मक्याचे पोहे असतात, गव्हाच्या लाह्या असतात, आणि त्या दुधात घालून कशा खायच्या ते समजावून सांगणारा मजकूर असतो. साताऱ्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते. अक्षरलेखनाच्या तासाला मुलांना दाखवायला म्हणून जुन्या साप्ताहिकांतली हातानं काढलेली अक्षरं कापून ठेवायचे. त्यातून हा नाद लागला. न्याहारीच्याच जाहिराती का, याचं कारण मात्र खंडाळ्याच्या आमच्या घरात आहे. सकाळी आम्ही भावंडं चहात शिळी भाकरी बुडवून खायचो, आणि सगळ्यांचं झालं की आई चुलीपाशीच दोन घास खाऊन उठायची. जाहिरातीतल्या आया टेबलापाशी असायच्या. त्यांच्याकडं मी खूप वेळ बघत बसे.

निवृत्त झाल्यावर मी सांगलीला राहायला आले. इथं एक म्हातारे बाइंडर मला सापडले. त्यांच्या दुकानात रद्दीतली मासिकं यायची, त्यातली माझ्या कामाची ते बाजूला काढून ठेवायचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. माझ्या जाहिराती जाड कागदावर चिकटवून त्यांचा अल्बम बांधायचं काम त्यांनीच केलं. खळ लावताना त्यांचा हात इतका हलका असायचा, की साठ वर्षांचा ठिसूळ कागदसुद्धा फाटायचा नाही.

एकदा मी त्यांच्याकडं नवी सापडलेली एक जाहिरात घेऊन गेले. लाल आणि काळ्या अशा दोनच रंगांत छापलेली. नऊवारी नव्हे, गोल साडी नेसलेली एक बाई वाकून वाडग्यात दूध ओततेय, आणि समोर दोन वेण्या घातलेली चार-पाच वर्षांची मुलगी हनुवटी टेबलावर टेकून वाट बघतेय. छायाचित्र नव्हतं, रेखाचित्र होतं. बाईच्या चेहऱ्यावर इतकं बारीक काम मी जाहिरातीत कधी पाहिलं नव्हतं. माझ्या सगळ्या संग्रहात मला ती सर्वांत आवडली होती.

चाचांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "बाई, ह्यास्नी मी बघितलंय."

"कुठं?"

"आष्ट्यात. एका जैनाच्या घरी पोथ्या बांधायला गेलतो. भिंतीवर फोटो हाय. चंदनाचा हार घातलेला."

मला वाटलं, त्यांची काहीतरी गफलत होतेय. पण चाचांनी त्या घरी फोन लावला, आणि चार दिवसांनी मी अल्बम पिशवीत घालून आष्ट्याची एसटी धरली.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईंनी. "आवं, या की आत. चाचांनी सांगितलंय समदं," असं म्हणत त्यांनी पाणी दिलं. लग्न झालं नव्हतं, घरात एकट्याच राहत होत्या. भिंतीवर तो फोटो होता. फोटो कसला, छापील कागदाचा तुकडाच. डोकं आणि खांदे तेवढे कापून काढलेले, कडा कसरीनं खाल्लेल्या, लाल रंग उडून विटकरी झालेला. पण चेहरा तोच होता. खाली झुकलेल्या पापण्या त्याच होत्या.

"माझी आई," त्या म्हणाल्या. "मी बारा दिसांची असताना गेली. बाबा मुंबईत जाहिरातींची चित्रं काढायचे. आईला समोर उभी करून त्येनी ह्ये काढलं हुतं. ती गेल्यावर मला आत्याजवळ आणलं, आणि बाबा बी हितंच ऱ्हायले. दुकानांच्या पाट्या रंगवायचे."

"दुसरा फोटो नाही?"

"लग्नाचा एक हाय. पण त्यात पदर फुडं वढलाय आन् मुंडावळ्या. तोंडच दिसत न्हाई." मग त्या म्हणाल्या, "ल्हानपणी मी ह्या फोटोपुढं कुठंबी उभी ऱ्हायले, तरी ती माझ्याकडं बघायची न्हाई. खालीच बघायची. बाबास्नी इचारलं तर ते उठून भाईर जायचे. मला वाटायचं, माझ्यामुळं गेली म्हणून तिला माझा राग आला आसंल."

मी पिशवीतून अल्बम काढला. ते पान उघडण्याआधी, "थांबा जरा," असं म्हणून त्या आत गेल्या आणि हात धुऊन, पदराला पुसून आल्या. मग मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

बोट कागदाला न लावता, वरूनच त्यांनी आईचा हात, दुधाचं भांडं, वाडगा असं सगळं पाहिलं आणि मग त्या मुलीपाशी आल्या.

"ही कोण?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"आंक कवाचा हाय?"

पानाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत महिना आणि साल होतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"तवा मी पोटात हुते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरात समद्यास्नी पोरगा पायजे हुता, आत्या सांगायची. आन् बाबांनी पोरगी काढली."

मग त्या रडल्या. मी तिथंच बसून राहिले.

त्यांनी ते पान मागितलं नाही. मागितलं असतं तर मी तिथल्या तिथं दिलं असतं, असं मी नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं. खरं सांगायचं तर मी त्यांना मागायची संधीच दिली नाही. अल्बम मिटला आणि म्हटलं, "ताई, मी तुम्हाला ह्याची चांगली रंगीत झेरॉक्स काढून देते. फ्रेमसुद्धा करून देते."

"द्या की," त्या म्हणाल्या. "लय उपकार हुतील."

सांगलीला परतल्यावर मी झेरॉक्स काढली, काचेची फ्रेम केली आणि चाचांच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवून दिली. पाठवण्याआधी चाचांनी फ्रेम हातात घेऊन पाहिली, आणि मग माझ्याकडं पाहिलं. ताईंचा फोन आला, खूप आशीर्वाद दिले. तो फोन ठेवल्यापासून मला तो अल्बम उघडवेना. वर्षभर मी एकही नवी जाहिरात आणली नाही. दुसऱ्याच्या आईचं चित्र आपण कपाटात कोंडून ठेवलंय आणि तिच्या लेकीला झेरॉक्स दिलीय, एवढंच मनात यायचं. तरी पान सुटत नव्हतं. इतक्या वर्षांत तसं दुसरं मला मिळालं नव्हतं, आणि आता मिळणारही नव्हतं.

शेवटी एका सकाळी मी चाचांकडं गेले आणि म्हटलं, "हे पान सोडवून द्या."

"मला वाटलंच हुतं, कवातरी येशीला," ते म्हणाले. ओल्या फडक्यानं पाठीमागची खळ भिजवत, पातळ पट्टीनं त्यांनी ते पान अख्खं सोडवून दिलं. तासभर लागला.

मी आष्ट्याला गेले तेव्हा ताईंच्या भिंतीवर माझी फ्रेम होती. चंदनाचा हार तिला घातला होता. जुना तुकडा त्यांनी पोथीत ठेवला होता. मी खरं पान त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे तुमचं आहे. मी आधीच द्यायला हवं होतं. माझ्याच्यानं ते सुटलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या, "मला बी त्या दिशी मागावं वाटलं हुतं. पर तुमी आल्बम घाईनं मिटला."

त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. त्यांनी चहा ठेवला. मग खिडकीशी उजेडात बसून पान मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "बारीक अक्षर मला दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय. खाली काय लिवलंय, वाचता का?"

तो मजकूर मी शेकडो वेळा पाहिला होता, तो अक्षरांची वळणं बघायला. मोठ्यानं कधी वाचला नव्हता. मी वाचू लागले. लेकीची सकाळ दमदार व्हावी असं कोणत्या आईला वाटत नाही, असं सुरुवातीला होतं. पुढं कोमट दुधाचं, साखरेचं, वाढत्या वयाचं काही काही होतं. माल खपवायला कुणीतरी लिहिलेली वाक्यं. मी भराभर वाचू लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, "सावकाश वाचा. घाई न्हाई." मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्या ऐकत होत्या, आणि ऐकताना त्यांनी पानावरच्या मुलीच्या वेणीवर हळूच बोट ठेवलं होतं.