सुकलेलं सागवान

साल त्र्याऐंशी. नवरा गेल्यावर मुलानं मला जर्सी सिटीला आणलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मुंबईत एकवीस वर्षं नेव्हीच्या गोदीत शिडं शिवलेली. म्हणून धक्क्यावरच्या जुन्या लढाऊ जहाजावर मला ड्यूटी मिळाली. पगार नाही. युनिफॉर्म होता. रिपोर्टिंग सकाळी सात.

जहाज मूळचं मराठ्यांच्या आरमाराचं, कोकणात बांधलेलं. इंग्रजांनी लढाईत धरलं. त्यांच्याकडून फ्रेंचांनी, फ्रेंचांकडून अमेरिकेनं. दर वेळी नवं नाव, नवं निशाण. सागवान तेच. हे मला चीफनं सांगितलं. चीफ म्हणजे नेव्हीतून रिटायर झालेला, जहाजाचा मुख्य.

दोन वर्षं जहाज रिपेअरसाठी पाण्याबाहेर होतं. फळ्या आक्रसल्या. फटीत माझं नख जायचं. आमच्या गावात होडी पाण्यात ढकलायच्या आधी आठ दिवस तिच्यावर ओली गोणपाटं घालतात. लाकूड फुगतं, फटी मिटतात. मुलाकरवी चीफला हे सांगितलं. तीनदा.

"ग्रँडमा, तुमची शिडं. माझं जहाज," चीफ म्हणाला. फटींत डांबराचा मसाला भरला, वरून रंग मारला.

जहाजातलं पाणी उपसायच्या पंपावर एडी. साठीचा, जुना खलाशी. माझी पोळीभाजी खायचा. "टू हॉट, मावशी," म्हणायचा आणि डबा पुसून परत द्यायचा. मावशी म्हणायला माझ्या मुलानं शिकवलेलं.

जूनमधला रविवार. नऊला जहाज पाण्यात सोडलं. बँड वाजत होता. नऊ वीसला चीफच्या वॉकीटॉकीवर एडी बोलला.

"चीफ, वॉटर. बोथ साइड्स."

"पंप?"

"चालू आहे. पुरत नाही."

"कम अप, एडी. सगळे धक्क्यावर उतरा."

"वन मिनिट. दुसरा पंप लावतो."

आम्ही धक्क्यावर उतरलो. नऊ एकतीसला जहाज कलंडलं. एडी वर आला नाही.

चीफ माझ्याजवळ आला. "यू टोल्ड मी," एवढंच म्हणाला. आता सांगून काय उपयोग.

धक्क्यावर पाटी लावलीय. मुलानं वाचून दाखवली. इंग्रज, फ्रेंच, अमेरिकन कप्तानांची नावं. खाली बारीक अक्षरात एडी. आपल्या आरमारातला एकही खलाशी नाही. त्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नव्हती.

पुढे जहाज मोडीत काढलं, त्याची एक फळी मी मागून आणली. बाल्कनीत आहे. रोज सकाळी सातला तिच्यावर ओलं फडकं घालते.

"आई, आता कशाला?" मुलगा विचारतो.

मी फडकं पिळून पसरते. एडीचं नाव घेते. ज्यांची नावं माहीत नाहीत, त्यांना नुसता नमस्कार करते.