अम्बेसेडरची खटखट

गाव त्याईले सेवकराम ड्रायव्हर म्हणते. मी म्हणत नाही. आमच्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेतच नव्हत्या, मीही घेतलं नाही. साऱ्या जन्मात एकदाच घेतलं, तेही भर रस्त्यावर, चार लोकांसमोर. एवढा राग आला होता मले.

हे एसटीत होते. सारी नोकरी त्या लाल डब्यात, धडधडणाऱ्या इंजिनाशेजारी बसून काढली. गोंदिया फुटून वेगळा जिल्हा झाला त्याच्या मागंपुढं यांनी एका राइस मिलवाल्याची जुनी पांढरी अम्बेसेडर घेतली, अन् रिटायर झाल्यावर तं तीच यांची नोकरी झाली. रोज धुणं, रोज पुसणं. माह्या लुगड्याले कधी एवढ्या मायेनं हात लावला नसंन. आमच्या कारध्यात कोणाची सून अडली, कोणाले साप डसला, की लोक आमच्याच दारात. हे हातातला घास टाकून उठत अन् पूल ओलांडून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन सोडत. पेट्रोल टाका म्हणत, वरतून काही घेत नसत. माणूस सोन्यासारखा आहे, मी कायले खोटं बोलू? पण सोन्यासारख्या माणसासंग संसार करून पाहा म्हणावं एकदा.

दिवाळीपासून ती गाडी खालून वाजायले लागली. सुरू केली की खट. खड्ड्यात गेली की खटखटखट, जसा कोणी खाली बसून हातोडा मारून राहिला. मी म्हटलं, अवो, दाखवा कोणाले तरी. हे म्हणाले, "हो." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, पुन्हा "हो." आमच्या चौकातला भैय्यालाल मिस्त्री तं गॅरेजातून उठून रस्त्यावर आला. म्हणे, काका, सायलेन्सर लोंबून राहिला, त्याले धरणारं रबर तुटलं असंन, आणून टाका, घंट्याभराचं काम आहे. हे त्याच्याकडं पाहून हसले, हात दाखवला अन् निघून गेले. पालथ्या घड्यावर पाणी! मले वाटे, बायकोच्या बोलण्याची याईले किंमतच राहिली नाही. घरात टीव्ही असा मोठा लावत की शेजारची शकुनबाई भिंतीपलीकडून बातम्या ऐके. मी बंद करा म्हणू तं तेही "हो."

त्यातच आमच्या रश्मीले सातवा महिना लागला. पहिलटकरीण, बाळंतपण माहेरीच व्हायले पाहिजे. लाखांदूरहून तिले आणायचा दिवस ठरला. मी यांच्यापुढं उभी राहून सांगितलं, की आधी गाडी नीट करा, नाही तं आपण एसटीनं जाऊ, माही पोर त्या खटाऱ्यात बसणार नाही. "हो हो, झालं," म्हणाले. मले वाटलं, खरंच झालं. निघायच्या सकाळी चाबी फिरवली अन् खट! तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. पण तिकडं व्याह्याकडं स्वयंपाक मांडला होता, पोरगी बॅग भरून बसली होती. काय करता? गाडीत जाऊन बसली मी.

परतताना मी अन् रश्मी मागं बसलो. जावई जीवन मोटरसायकलनं मागून येऊन राहिला होता. लाखोरीचं कडधान्य निघायचे दिवस होते. आमच्याकडं लोक लाखोरीचे वाळले झाडं डांबरी रस्त्यावर पसरून देतात, गाड्या वरतून गेल्या की दाणे मोकळे होतात अन् झोडपायची मेहनत वाचते. दुसरे ड्रायव्हर बाजूनं गाडी काढतात. हे नाही. हे नेहमी मधातून नेतात, म्हणतात गरिबाचं काम होते. त्या दिवशीही मधातूनच नेली. खाली लोंबलेल्या त्या तापल्या नळीले सारा भुसा गुंडाळत गेला अन् पायाखालून धूर यायले लागला.

रश्मी खोकलायले लागली. मी ओरडली, थांबवा! गाडी चाललीच. मागून जीवन हॉर्नवरचा हात काढत नव्हता. गाडी चाललीच. धूर मागच्या मागं, यांच्या नाकापर्यंत पोचलाच नव्हता. पोरीनं एका हातानं पोट धरलं, दुसऱ्यानं माहा दंड, अन् मी बोंबलून बोंबलून घसा फोडला. हे आपले मजेत समोर पाहून राहिले होते. शेवटी मी मुठीनं पाठीत दणका घातला, तेव्हा ब्रेक लागला.

मी पोरीले ओढून बाहेर काढलं. लाखोरी ज्यांची होती त्या रंभाबाई पितळी गुंड भरून पाणी घेऊन धावल्या. जीवननं काठीनं जळता भुसा ओढून काढला, पाणी टाकलं, विझलं. रश्मीले मोहाच्या झाडाखाली बसवलं. बाळ हललं म्हणाली, तेव्हा माह्या जिवात जीव आला.

अन् हे? हे गाडीमागं उकिडवे बसून खाली वाकून पाहून राहिले होते. मी मागं जाऊन उभी राहिली अन् जे तोंडात आलं ते बोलली. म्हटलं, नात-नातू जन्माच्या आधीच मारता काय? म्हटलं, मी चालली बपेऱ्याले भावाकडं, राहा या डबड्यासंग. यांनी मानही वळवली नाही. तेव्हा माहं डोकं फिरलं.

"सेवकराम!"

रंभाबाईनं तोंडाले पदर लावला. जीवन गपकन थांबला. रश्मी उठून उभी राहिली. सारे मले पाहून राहिले होते, अन् ज्याचं नाव घेतलं तो माणूस भुशाच्या काड्या ओढून राहिला होता.

मी पुढं जाऊन त्याईच्या समोर बसली. त्याईनं वर पाहिलं, माह्या तोंडाकडं पाहिलं, अन् लगेच म्हणाले, "हो हो, ऐकलं."

मी तं अजून तोंडही उघडलं नव्हतं. मग त्याईची नजर खाली गेली.

"पायाले लागत होतं काहीतरी," ते म्हणाले. "वाटलं, रस्ता खराब आहे. कानाचं सांगितलं असतं तं चाबी घेतली असती तू."

घेतलीच असती. अन् घेतलीच. तिथंच हात पुढं केला अन् चाबी पदरात बांधली. पोरीले अन् याईले एसटीनं आणलं. जीवननं नळी तारेनं बांधली, मोटरसायकल रंभाबाईकडं ठेवली अन् माह्याकडून चाबी घेऊन गाडी हळूहळू चालवत कारध्याले आणली.

दुसऱ्या दिवशी भैय्यालालच्या गॅरेजात मी स्वतः गेली. त्यानं नवं रबर टाकलं, पट्टी कसली, फुटला जोड वेल्डिंग केला. मी चाबी जीवनले दिली. त्यानं गाडी सुरू केली, चौकाच्या खड्ड्यातून एक चक्कर मारून आणली. खट नाही की खुट नाही.

हे माह्या बाजूले उभे होते. त्याईनं गाडीकडं पाहिलं नाही, भैय्यालालकडं पाहिलं नाही. माह्या तोंडाकडं पाहून हळूच विचारलं, "खटखट थांबली का वं?"

दिवाळीपासूनचं केवढं बोलणं माह्या पोटात साठून होतं. राग अजूनही आहे, कायले लपवू? पण बोलून काय फायदा होता. मी "हो" म्हणून मान हलवली.