चौथं मशीन

झेंडूचा वास आला की मला कांदिवलीच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आमचं प्रॅक्टिकल होतं. एक मोठं गणित तुकडे करून चार मशीनना वाटायचं आणि उत्तरं गोळा करायची, असा सर्व्हर मैत्रिणीने लिहिला होता. त्या चार मशीनवरचा प्रोग्राम माझा होता. तीन मशीन कामाला लागली, चौथं सर्व्हरला दिसेचना. "तुझ्या कोडने वाट लावली यार," ती म्हणाली. "सर यायच्या आत तो काढून मी माझा जुना टाकते." तोच प्रोग्राम तीन ठिकाणी चालतो, मग इथेच का अडतो? वाद घालणं मला जमायचं नाही, म्हणून मी वाकून मशीनची मागची बाजू बघितली. केबलजवळचा हिरवा दिवा बंद होता. केबल काढून मोबाइलचा टॉर्च मारला, तर आत तांदळाचा पिवळा दाणा. लॅबच्या मामांनी पूजेसाठी सगळी मशीन सोडवून पुसली होती, मागूनपुढून अक्षता वाहिल्या होत्या आणि मग केबल परत जोडल्या होत्या. मशीन बंद करून मी केसांतल्या पिनेने दाणा अलगद काढला. पुन्हा चालू केलं तेव्हा सर्व्हरवर चौथं नाव उमटलं. "सॉरी गं," मैत्रीण पुटपुटली. तेवढ्यात परीक्षक आत आले. "काय बिघडलं होतं?" त्यांनी विचारलं. मामा दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. मैत्रिणीने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "केबल सैल होती, सर." चारचौघांत आपणहून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. ते खोटं होतं, याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.