दातातली काडी

सुमनकाकू नसत्या तर मी सुरतेहून केव्हाच गावी परतले असते. आज बसथांब्यावर एक बाई मुलीच्या अंगावरच फ्रॉकचं बटण लावत होती. मुलीनं दातात काडी धरली होती. ती बघून काकू आठवल्या.

नववीतून शाळा सुटली आणि मी इथं आले. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसवण्याआधी शिवणाचा हात बघणार होते. नेमकी निघताना माझ्या एकुलत्या एका चांगल्या कुर्त्याची बगल उसवली. मी रडतच बसले. शेजारच्या खोलीतून सुमनकाकू सुईदोरा घेऊन आल्या.

"काढू नको, उशीर होईल. ही काडी धर दातात. जित्या माणसाच्या अंगावर तसंच शिवू नये."

मला हुंदका आला, तशा म्हणाल्या, "काडी पडली तर सुई टोचीन हं, भवाने!"

मग रडायला तोंडच मोकळं राहिलं नाही.

आता दिवसभर नवे कपडे शिवते. ते कोण घालतं, ठाऊक नाही. खोलीवर मात्र सगळं जुनंच शिवायचं असतं. पिशवीचा बंद, उशीचा अभ्रा, विरलेली चादर. एक जागा सांधली की तिच्या शेजारीच फाटतं. उद्या कामावरून काढलं तर, ही धास्तीही तशीच, एकीकडून आवरली की दुसरीकडून उसवते.

काकूंना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. त्यांच्या ब्लाउजचा खांदा विरलाय, तोही त्यांना दिसत नसावा. एक दिवस त्यांना समोर उभं करून माप घेईन आणि अस्तर लावून नवा ब्लाउज शिवून देईन. त्यांना रंग दिसतोय तोवर द्यायला हवा.