तुळसाच्या गालावरचा तीळ

नीलमचा फोन मला कधी यायचा नाही. नंबर होते एकमेकींकडे, पण दिवाळीला एक फुलांचं चित्र पाठवायचं, संपलं. त्या दिवशी जेवायला बसले होते, तिचं नाव दिसलं, आणि मी मुद्दाम एक घास जास्त खाऊन मग फोन उचलला. "सुरेखाताई, विक्रम गेला..." एवढंच बोलली. सकाळी गिरणीचा पट्टा चढवताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. मनात पहिलं काय आलं ते मात्र आठवतं. लिहायला भीती वाटते, तरी लिहिते. ही बातमी मला सांगायचा मान हिला कसा मिळाला?

विक्रमला तुमच्यातले बरेच जण हैबतीच्या गोष्टीमुळे ओळखतात. इस्लामपुरात पिठाची गिरणी चालवणारा हा माणूस मोबाइलवर जुन्या काळातल्या प्रेमाच्या गोष्टी लिहायचा. आम्ही दोघं कडेगावजवळच्या एका गावातले, शाळेत एका बाकावरचे. तेव्हा त्याच्या दोन वेण्या होत्या आणि हजेरीला वेगळंच नाव पुकारायचे. ते नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला ते कधी लागूच पडलं नव्हतं. शाळेमागच्या चिंचेखाली एकदा तो मला म्हणाला, "सुरे, मी पोरगा हाय." मी म्हटलं, "मग माजं दप्तर घे की." त्याने घेतलं. ओढ्यापर्यंत दोन दप्तरं घेऊन ताठ चालला. पुढे त्याच्या घरात त्यावरून काय काय झालं, त्याने किती मार खाल्ला, ते तो कधी सांगायचा नाही. दप्तराचं मात्र ज्याला त्याला सांगायचा.

मी आठवीत शाळा सोडली. लग्न झालं आणि तामिळनाडूत आले. आमचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे लोकांची जुनी सोन्या-चांदीची मोड वितळवून शुद्ध करून द्यायची. आमच्या भागातली कितीतरी घरं अशी देशभर पांगली आहेत. इथली भाषा येईना, बाजारात तोंड उघडायची भीती, दिवसभर भट्टीची धग. गावाकडून कुणी येणार असलं की विक्रम त्याच्या पिशवीत एक पुस्तक कोंबायचा. मी एक-एक अक्षर लावत वाचायची, आणि वाचून काय वाटलं ते लिहून पाठव म्हणून तो पाठीच लागायचा. आज हे चार शब्द मला लिहिता येतात, ते त्याच्यामुळे. उपकार म्हटलं असतं तर चिडला असता... पण आता चिडायला कुठे आहे, म्हणून म्हणते.

मग हैबती आला. हैबती म्हणजे जुन्या काळातला घोडेस्वार, मेंढपाळाच्या घरी मुलगी म्हणून जन्मलेला आणि पुरुष म्हणून जगणारा. तुळसा म्हणजे कृष्णेवर नाव चालवणारी. प्रत्येक प्रकरण लोकांना वाचायला मिळण्याआधी विक्रम मला फोनमध्ये बोलून ते रेकॉर्डिंग पाठवायचा, लाइट गेली की, बंद गिरणीत बसून. मी दुकानातली झाडलोट करत ऐकायची. मधूनच कुणीतरी बाई ओरडायची, "विक्रमदा, माजं दळण झालं का?" आणि हा म्हणायचा, "थांबा मावशी, हैबती नदीत हाय." आमचे मालकही संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतोय तुजा हैबती? पोचला का पलीकडं?" मी एकदा विक्रमला विचारलं, हैबतीला गावाने छळलं, मारलं, असं कसं लिहीत नाहीस? तो म्हणाला, "त्ये लिवायला लय जण हायत. मला त्येचं लगीन लावायचं हाय."

तुळसा माझ्यासारखी होती. मी नाही म्हणत, तिच्या सवयीच म्हणायच्या. चिंचेला मीठ लावून खायची, हसताना तोंडावर हात धरायची, रागावली की उजव्या पायाने माती उकरायची. वाचणारे "तुळसावहिनी, तुळसावहिनी" करायचे आणि मी इथे भट्टीपाशी उगीच लाजायची. माझा संसार होता, पोरं होती, कशाला उणं नव्हतं. पण जगात एका ठिकाणी एक घोडेस्वार माझ्यासाठी नदीकाठी उभा होता, ते मला पुरत होतं.

आणि एका प्रकरणात तुळसाच्या गालावर तीळ आला. त्याच्या थोडं आधी विक्रमच्या घरी नीलम राहायला आली होती. आष्ट्याची, साडीच्या दुकानात कामाला. तिचा फोटो त्याने मला पाठवला होता, मी तो मोठा करून बघितला होता. डाव्या गालावर, नाकाच्या जरा खाली. मी लगेच फोन लावला.

"तुळसाला येकाएकी तीळ कुठनं आला रं?"

"आला बाबा. तीळ काय इचारून येतो व्हय?"

"इतकी प्रकरणं झाली, तवा नव्हता."

तो हसला. मग म्हणाला, "तवाबी हुता, सुरे. हैबती येवढ्या जवळ कवा गेलाच नव्हता."

मी चपाती करपत्येय म्हणून फोन ठेवला. चपाती कसली... तवासुद्धा ठेवला नव्हता. त्यानंतरची प्रकरणं मी ऐकली, सगळी ऐकली. तुळसा पुढे गाणी म्हणायला लागली. मला गाता येत नाही.

तो गेल्यावर इस्लामपुरातल्या चौकात फ्लेक्स लागला. त्याच्या भावाला त्यावर वेण्यांचा फोटो आणि जुनं नाव हवं होतं. नीलम फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसली आणि छापून होईपर्यंत उठली नाही. फ्लेक्सवर विक्रमच होता, बारीक मिशी आणि आवडता निळा शर्ट. तिने फार मोठं काम केलं, आणि हे मी मनापासून म्हणते. पण फोटो फोनवर आला तेव्हा मी त्याचं तोंड आधी बघितलं नाही. खाली 'शोकाकुल' लिहितात, तिथे बोटांनी मोठं करून माझं नाव शोधत बसले. नीलम सगळ्यात वर. मग त्याची आई, मग गिरणीची गिऱ्हाइकं, मग वाचक. मी कुठेच नव्हते. पेटत्या भट्टीपाशी बसून मला थंडी वाजली.

दोन-तीन आठवड्यांनी गावी जायला मिळालं. मिरजेला उतरले ती थेट इस्लामपूरला त्यांच्या गिरणीत गेले. वाटभर बोलायची वाक्यं पाठ करत होते. नीलमने पाणी दिलं, आणि मी घोट घ्यायच्या आधीच म्हणाले, "फ्लेक्सवर माजं नाव का न्हाई?"

"मुद्दाम न्हाई घातलं," ती म्हणाली. "लय जळायचे मी तुमच्यावर. मी हितं दाराशी बसलेली, आन् हा माणूस आत जाऊन गोष्ट तुमाला सांगनार. मला दुसऱ्या दिशी. समद्या लोकांसंगं."

शेल्फावर त्याचा पिठाने पांढरा झालेला रुमाल होता, तो तिने धुतला नव्हता. मग ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, त्याचा आवाज हाय का वो तुमच्याकडं? तो पडला तवा फोन खाली आला, पार चुरा झाला. माज्याकडं त्याचा आवाजच न्हाई. घरातल्या घरात कोन कुनाला बोलून पाठवतं?"

मी आले होते ते भांडायला. आणि आता माझ्या पिशवीत असं काहीतरी होतं, जे तिला हवं होतं. खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग तिचा हात दिसला. पदराच्या टोकाची पिळून पिळून दोरी झाली होती... मी फोन काढला. तिळाच्या प्रकरणापासून सुरुवात केली, म्हणजे तिला आवडेल. गिरणीत बसून आम्ही ऐकत राहिलो. "थांबा मावशी" आलं तेव्हा ती हसली आणि हसता हसता भिंतीकडे वळली. सगळं तिच्या फोनवर पाठवलं. निघताना ती म्हणाली, "पेपरच्या पुरवणीवाले त्याच्यावर लेख मागत्यात. मी न्हाई लिवत. तुमी लिवा. फ्लेक्स काय, चार दिसांनी उतरवत्यात."

"एवढीच हायत ना ताई?" तिने दारात विचारलं.

"एवढीच," मी म्हणाले.

एक रेकॉर्डिंग मी पाठवलं नाही. विक्रमने औषधं सुरू केली होती, आवाज बदलेल म्हणून वाट बघत होता, तेव्हाचं आहे. त्याआधीची बारीक आवाजातली त्याने मला पुसायला लावली आणि मी पुसली. "ह्ये तेवढं ऱ्हाऊ दे," म्हणाला, "तुज्याजवळ." ते मी सकाळी दुकान उघडलं की, भट्टी पेटायच्या आत, एकदा ऐकते. हैबती अलीकडच्या काठावरून हाक मारतो, "तुळसे...", आणि हाकेच्या मधेच आवाज फुटतो. बारीक होता तो एकदम जाडाभरडा. मग त्याचं हसू, श्वास न पुरणारं. "सुरे! ऐकलंस का गं? फुटला! आगं, फुटला! थांब, परत म्हनतो... तुळसे! तुळसे!" मागून कुणी मावशी घाबरून विचारते, "काय फुटलं रं?" आणि तो त्या नव्या आवाजात ओरडतो, "आवाज, मावशी, आवाज!"

हे छापून आलं की नीलम वाचेल, आणि तिला कळेल. कळू दे. त्या प्रकरणात तुळसाच्या गालावर तीळ नाही.